धुरपतामायने मागितलेली माफी

धुरपतामाय कुणालाही उंबऱ्याबाहेरून आवतन देत नसे. आवतन म्हणजे बोलावणं. लग्नाचं असो, बारशाचं असो, नाहीतर मोर्चाचं असो, ती चपला अंगणात काढणार, घरात येऊन जमिनीवर बसणार, पाणी मागून पिणार, घरातलं कोण आजारी आहे, कुणाची काढणी राहिली आहे हे सगळं विचारणार आणि मग कमरेची पुरचुंडी सोडून हळदीत माखलेले ज्वारीचे दाणे तुमच्या हातावर ठेवणार. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्याच असतात. दाणे ठेवताना तिचं बोलणं ठरलेलं होतं. "येनार असशीन तं घे. न्हाई जमत तं ठिव माघारी, मला राग न्हाई. पर घेतली तं ये."

गावाचं नाव मी लिहीत नाही, त्याचं कारण पुढे कळेलच. पुसेगावला माझं ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, पीकविम्याचे अर्ज, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, जे म्हणाल ते. रोज गावाहून मोटरसायकलवर दुकानात येतो. माय आमच्याच गावची, पण तिचं घर वरच्या अंगाला, मेंढ्यांच्या वाड्यापाशी, आणि मी बी.ए. झालेला. त्यामुळे तिशी आली तरी तिच्याशी नीट दोन शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. एका पावसाळ्यात ती दुकानात आली. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला बाक सोडून फरशीवर बसली आणि म्हणाली, "पानी दे रे लेकरा." मी जारचं पाणी दिलं. मग दाणे निघाले.

"कुणाचं लग्न आहे, माय?" मी विचारलं.

"लगीन न्हाई. आपलं गायरान चाललं. सोमवारी समदे माळावर बसून राहिलो. घेतो का ठिवतो?"

मी घेतले. खरं सांगायचं तर गायरानासाठी नाही घेतले. दुकानात चार गिऱ्हाइकं बघत होती आणि नाही म्हणायला लाज वाटली.

गायरानाची गोष्ट एवढीच, की चार गावांची मेंढरं आणि गुरं ज्या माळावर चरत होती तिथे एक कंपनी सौर विजेच्या पाट्या बसवणार होती. कागदावर तो माळ पडीक होता. माय म्हणायची, "पडीक म्हनं! चार गावची मेंढरं तिथं काय हवा खाऊन राहिली का इतके वर्सं?" तिच्या घरात जमीन नावालाच होती. होतं ते मेंढरांवर, आणि मेंढरं त्या माळावर. माळ गेला की तिच्या घराचं काय होणार हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती.

त्या पहिल्या आंदोलनासाठी ती आठ दिवस चार गावं फिरली. गुडघे सुजलेले, तरी घर चुकवलं नाही. आदल्या दिवशी मी गंमत म्हणून विचारलं, "माय, किती येतील?" ती म्हणाली, "दोन शेर जवारी नेली व्हती. मूठभर माघारी आली. मानसं बराबर येतीन." आणि आली की हो! हिरव्यागार माळावर पांढऱ्या टोप्या आणि रंगीत पदर, मधून मधून मेंढरं, पुढे मध्यभागी पाय पसरून बसलेली धुरपतामाय. यंत्रं घेऊन आलेले लोक दुपारपर्यंत थांबले आणि परत गेले. मी शेजारच्या लिंबावर चढून त्याचा व्हिडिओ केला.

तो व्हिडिओ मी टाकला आणि माझं डोकं फिरलं. तीन दिवसांत तो कुठल्या कुठे पोचला. पुण्याहून, नागपूरहून, थेट दुबईहून लोक लिहू लागले, 'आम्ही तुमच्या सोबत आहोत.' मी 'आपला माळ' नावाचं पेज काढलं, गावांचा ग्रुप केला. लोक मला पेजवाले प्रकाशभाऊ म्हणू लागले. बँकेत, एस.टी. स्टँडवर कुणी ओळखलं की मी अंगातला सदरा नीट करायचो. आंदोलन मीच उभं केलं अशी माझी हळूहळू खात्रीच झाली. माय अधूनमधून दुकानात यायची, फरशीवर बसायची, आणि मी तिला किती हजार लोकांनी बघितलं ते सांगायचो. ती "आसं का?" म्हणायची. त्या "आसं का"मध्ये थट्टा होती की कौतुक, ते मला तेव्हा कळलं नाही.

एकदा मी तिला एका परदेशी चौकातला व्हिडिओ दाखवला. तरुण मुलांनी फोनवरून एकमेकांना बोलावलं आणि लाखो माणसं जमली, सरकार पडलं, असं तिला मी मोठ्या जोरात समजावून सांगितलं. तिने फोन डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं. मग विचारलं, "हे लोक जेवले कुठं?"

मी म्हणालो, "ते काही यात दिलेलं नाही."

"बायका बी दिसून राहिल्या. त्या झाड्याला कुठं गेल्या? त्यायच्या घरी लेकरं कोन सांभाळून राहिलं?" मग ती म्हणाली, "कोनीतरी घरोघर फिरेल आसन रे. ते ह्याच्यात आलं न्हाई." आणि फोन माझ्या हातात परत देऊन मेंढरांची वेळ झाली म्हणून उठली. मेंढरांना घड्याळ समजत नाही असं म्हणून ती कुठल्याही बैठकीतून उठायची. एकदा तर तहसीलच्या साहेबांसमोरून उठली होती. त्या साहेबांनी तिला खुर्ची दिली होती, ती खालीच बसली, आणि साहेब खुर्चीतून वाकून वाकून बोलायला लागले तेव्हा म्हणाली, "साहेब, वाकाया तकलीफ होत आसन तं खाली बसा." साहेब भला माणूस होता. खरंच खाली बसला. पुढचा अर्धा तास त्या दोघांचं बोलणं आम्ही भोवती उभे राहून ऐकत होतो. माळाला दोन-तीन महिने मिळाले ते त्या बसण्यामुळे, माझ्या पेजमुळे नव्हे. पेजवर मात्र मी लिहिलं, 'आपल्या दणक्याने प्रशासन नमले.'

दसऱ्याच्या सुमाराला यंत्रं पुन्हा येणार अशी कुणकुण लागली. माय पुरचुंडी बांधून निघायच्या तयारीत होती. मी तिच्या घरी जाऊन तिला अडवलं. म्हणालो, "माय, गुडघे बघ तुझे. आता फिरायची गरज नाही. ग्रुपवर टाकलं की एका मिनिटात चारही गावांत जातं. हे बघ, सगळ्यांनी अंगठे दिलेत."

"हा आंगठा कोनाचा?" तिने एकावर बोट ठेवलं.

"शिरड शहापूरचा कुणीतरी आहे, पेजवरून ग्रुपमध्ये आलेला."

"त्याची काढनी झाली का? घरी कोन हाये?"

"ते कसं कळणार? पण अंगठा दिला म्हणजे येणार."

तिने फोन मला परत दिला. मग पुरचुंडी सोडून दाणे परत मडक्यात टाकले. "तू शिकेल लेकरू हायेस. तुला बराबर समजत आसन," म्हणाली. तिला पटलं नव्हतं. ती माझा मान राखत होती. मला तेवढं कळत होतं, तरी मी ते कळू दिलं नाही.

यंत्रं आली ती ऐन सोयाबीनच्या काढणीत. सकाळी आठला बातमी लागली की हिंगोलीहून बंदोबस्तासह गाड्या निघाल्या आहेत. मी दुकान उघडून ग्रुपवर टाकलं, 'सगळ्यांनी ताबडतोब माळावर या.' अर्ध्या तासात अंगठ्यांची रांग लागली. माय जवळपासच्या नऊ बायकांना हाका मारून, मेंढरं पुढे घालून, थेट माळावर गेली. साडेनवाला तिचा फोन आला. तिच्याकडे बटणांचा जुना फोन होता, नातवाने माझा नंबर एका बटणावर लावून दिला होता.

"परकास, कोनी दिसंना रे."

"निघालेत माय, वाटेत आहेत," मी म्हणालो. अंगठे माझ्या डोळ्यांसमोर होते.

मी तिघा-चौघांना फोन लावले. कुणाच्या शेतात मळणीयंत्र आलेलं, कुणाचे मजूर आलेले. सगळे म्हणाले, येतो, एवढं उरकून येतो. तेव्हा मला जी अक्कल सुचली ती सुचली नसती तर फार बरं झालं असतं. पावसाळ्यातला तो गर्दीचा व्हिडिओ मी पुन्हा काढला आणि वर लिहिलं, 'आत्ता, या क्षणी! माळावर हजारोंचा जनसागर. कंपनी हादरली.' मला वाटलं, गर्दी पाहून गर्दी येते. माणसांना हुरूप येईल आणि ती हातातलं टाकून धावतील.

झालं ते उलटंच. चारही गावांतल्या शेतांत माणसांनी फोन उघडले, हजारो जमल्याचं पाहिलं, आणि त्यांना हायसं वाटलं. माझ्या सख्ख्या भावाने मला नंतर सांगितलं, "मी विळा ठेवून निघालोच होतो. तुझा व्हिडिओ आला. म्हटलं, जमले की एवढे, आता आपण एक गेलो काय आणि न गेलो काय." त्याने विळा पुन्हा उचलला. असे किती विळे पुन्हा उचलले गेले असतील, कुणास ठाऊक.

आणि मी कुठे होतो? दुकानात. माळावर फोन लागतो पण नेट मिळत नाही, म्हणून इथून काम करतो, असं मी स्वतःला सांगितलं. नेट मिळत नव्हतं हे खरंच आहे. पण मला तो आकडा वाढताना बघायचा होता, हेही खरं आहे. माळावर मी दहा बायकांत एक बाप्या दिसलो असतो. दुकानात मी हजारोंचा पुढारी होतो. अकराच्या सुमाराला मायचा फोन पुन्हा आला. मी तो वाजू दिला. पडद्यावर तिचं नाव दिसत होतं आणि मी उचलला नाही. यावर मला काहीही सफाई द्यायची नाही.

कुणी कुणाला मारलं नाही. दहाच बायका, त्यांना कोण मारणार? महिला पोलिसांनी एकेकीला धरून उठवलं, गाडीत बसवलं आणि तिसऱ्या प्रहरी सोडून दिलं. तोवर माळाच्या चारी कोपऱ्यांना खांब रोवून झाले होते. मेंढरं मायच्या सुनेने हाकून घरी आणली. मी तो व्हिडिओ गुपचूप काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय दुकानात आली.  रस्त्यात झाडं पडली होती, पोलिसांनी लोक अडवले, नेट बंद होतं, अशा दहा सबबी मी रात्रभर पाठ केल्या होत्या. ती फरशीवर बसली आणि म्हणाली, "परकास, माह्यी चूक झाली. म्या आवतन दिलं न्हाई, म्हून मानसं आली न्हाईत. चार गावची माफी मागायची हाये. मला आता फिरनं व्हईना. तुह्या फोनवर टाक."

त्या वेळी माझ्या तोंडून एक वाक्य निघायला हवं होतं. मी फोन काढला. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी तिला म्हणालो, "माय, जरा उजेडाकडे तोंड कर." तिने केलं. दोन्ही हात जोडून, पदर सावरून ती म्हणाली, "म्या बोलवाया पायजे व्हतं. बोलवलं न्हाई. तुमची काही चूक न्हाई. मला माफ करा." मी ते टाकलं. माझ्या पेजवर त्याआधी आणि त्यानंतर इतकं काहीही पाहिलं गेलेलं नाही. लोक रडले. दुबईवालाही रडला. 'धन्य ती माउली' असं शेकड्यांनी लिहिलं. गावातली माणसं तिच्या घरी जाऊन पाया पडली, "माय, तुह्यी कसली चूक," म्हणाली आणि मोकळ्या मनाने परत आली. माझ्याकडे कुणी काही विचारायलाच आलं नाही.

चारा नाही म्हटल्यावर हिवाळा संपेपर्यंत मेंढरं विकली गेली. मुलगा-सून कामाला बाहेर गेली आणि माय लेकीकडे जायला निघाली. लेक कनेरगाव नाक्याच्या पलीकडे, वाशिमच्या बाजूला दिलेली. मी म्हणालो, मी सोडतो नाक्यापर्यंत. मोटरसायकलवर ती माझ्या मागे एका अंगाला बसली, मांडीवर गाठोडं. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. नाक्यावर जीपला वेळ होता. एका ढाब्याच्या कडेला चहा घेतला. ती बशीत ओतून फुंकर घालत होती, तेव्हा मी एकदाचं बोलून टाकलं. व्हिडिओ जुना होता, मी आत्ताचा म्हणून टाकला, तो पाहून लोक घरी थांबले, आणि तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही.

"ठावं हाये," ती म्हणाली आणि चहा प्याली.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"गाडीत बसवून नेलं तवा वाटंत त्या पोलीस पोरीनं दावला न्हाई का मला. म्हने, मावशी, इथं तं हजारो दिसून राहिले, कुठं हाईत? म्या पाह्यलं. म्याच बसेल व्हते त्याच्यात, पुढं. गवत हिरवं व्हतं."

"मग माफी काहून मागितली तू?" माझ्या तोंडून गावची भाषा निघाली. कित्येक वर्षांत निघाली नव्हती.

तिने बशी खाली ठेवली. "आवतन राहून गेलं म्हनलं तं लोक म्हनतीन, पुढच्या टायमाला दे, येऊ. आवतनच खोटं व्हतं म्हनलं तं पुढच्या टायमाला कोनी कोनाला घरात बसू देनार न्हाई. मंग कोन काय करनार? आन तुहं लगीन व्हायचं हाये, दुकान हाये. माह्यं काय, मेंढरं गेल्यावर मी मोकळीच." मग म्हणाली, "तुला जवा वाटन तवा तू सांग. माह्याकून कोनाला कळनार न्हाई." जीप आली. आधीच भरलेली होती. दोघी बायकांनी सरकून तिला जागा केली, आणि तिने मला हात केला नाही, कारण दोन्ही हातांत गाठोडं होतं. राग म्हणून नव्हे, एवढं मला पक्कं माहीत आहे. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी पलीकडच्या एका गावच्या गायरानावर तसाच प्रसंग आला. तिथल्या बायका ज्वारीच्या अक्षता घेऊन घरोघर फिरल्या, आणि माणसं आली, काढणी टाकून आली. मीही गेलो होतो, मागे उभा होतो. माइकवर एक जण म्हणाला, "धुरपतामायनं आपली चूक कबूल केली, म्हणून आपण ती पुन्हा केली नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याची नजर माझ्यावर पडली. पेजवाले प्रकाशभाऊ म्हणून त्याने मला पुढे बोलावलं, आणि कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. मी मान वाकवली आणि घालून घेतला.

माय यंदा उन्हाळ्यात लेकीच्या घरीच वारली. मला ग्रुपवर कळलं, तेही दुसऱ्या दिवशी. माती होऊन गेली होती. तेव्हापासून तिचा तो माफीचा व्हिडिओ पुन्हा फिरू लागला आहे. रोज नवी माणसं तो बघतात आणि खाली लिहितात, 'चूक मान्य करायला एवढं मोठं मन लागतं.' पेज माझंच आहे. चूक कुणाची होती हे त्याच्याखाली लिहायला दोन ओळी पुरतील. गेला महिनाभर त्या दोन ओळी तिथे लिहायच्या सोडून मी हे एवढं सगळं इथे लिहीत बसलो आहे.